कौलाचे तीन तुकडे

व्हेर्नी, १० जानेवारी २०१९

गिल्बेर,

अक्षर ओळखून पाकीट फाडायला निघाला असशील तर जरा थांब. कुणी मेलेलं नाही. पपा गेले तेव्हा लिहिलं होतं, त्याला तू उत्तर दिलं नाहीस. माझा नवरा एत्येन गेला तेव्हा मी लिहिलंच नाही, तेव्हा फिट्टंफाट झाली असं समज. पत्ता मावशीच्या जुन्या वहीत सापडला. अजून तिथेच राहतोस की नाही देव जाणे. समोर समुद्र, हाताशी बोटी आणि औषधालाही एक द्राक्षवेल नाही असं गाव तू मुद्दाम शोधलंस, एवढं मला कळतं.

कामाचं लिहिते. म्हाताऱ्या ओनोरे तिसाँदिएची नात आली आहे, मोद नावाची. लिऑनला चांगली नोकरी होती, ती सोडून आली. आपल्या मळ्याला लागून असलेली ओनोरेची जमीन तू गेलास तेव्हापासून पडीक आहे, तिथे तिला वेली लावायच्या आहेत. वेली लावायच्या तर हद्द पक्की हवी, म्हणून तिने मोजणीदार बोलावला आहे. फेब्रुवारीच्या शेवटी येईल. आपल्या आणि त्यांच्या मधल्या दगडाखाली खणून तो साक्षी बघणार आहे.

बत्तीस वर्षं बोटी रंगवून तू विसरला असशील, म्हणून सांगते. हद्दीचा दगड पुरताना जुने मोजणीदार एक कौल फोडायचे आणि त्याचे तुकडे दगडाखाली ठेवायचे. किती तुकडे, कसे ठेवले, ते कुणाला सांगायचे नाहीत. पुढे भांडण झालं की दगड उचलायचा. तुकडे खाली असले आणि एकमेकांत बसले तर दगड जागचा. नसले तर कुणीतरी तो हलवलेला आहे. या तुकड्यांना आपल्याकडे साक्षी म्हणतात.

त्या दगडाच्या पलीकडे रोश-ओ-मेर्ल, पहिल्या दर्जाची जमीन. अलीकडे आपलं, साध्या गावच्या दर्जाचं. वरच्या अंगाला भिंतीचा कोपरा आहे, तिथली हद्द कुणाच्या बापाला हलवता येत नाही. खालचा दगड मात्र जिथे असेल तिथून रेघ निघते. तीन पावलांत माती बदलते, हे तुला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. त्यांच्याकडे पातळ माती आणि खाली फुटकी चुनखडी, आपल्याकडे चिकण. वर शून्य आणि खाली तीन ओळी अशी जी पाचर आज आपल्याकडे आहे, तिची वर्षाला दीड पिंप वाइन होते. त्याच्यावर आम्ही रोश-ओ-मेर्ल लिहितो. माझा मुलगा बास्तियाँ आता मळा बघतो. लोक त्याच्याकडे येतात ते त्या दीड पिंपाच्या नावामुळे, बाकीचं मग आपोआप खपतं.

मोदने माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. मी म्हटलं, मला माहीत नाही. पण पोरगी चिवट आहे, शोधून काढील. म्हणे तिचे आजोबा शेवटपर्यंत म्हणत होते, शेजारच्या व्हेर्नोंच्या घरात एकच जण माझ्याशी खरं बोलला, तो धाकटा. तिने लिहिलं तर तिला सांग की तुला काही आठवत नाही. वीस वर्षांचा होतास, धुकं दाट होतं, वरच्या मळ्यातून काय दिसणार? एवढं कर. माझ्यासाठी नको, तू न पाहिलेल्या भाच्यासाठी कर.

सोलांज

व्हेर्नी, २३ जानेवारी

गिल्बेर,

तुझं कार्ड आलं. बत्तीस वर्षांत एक कार्ड, त्यावर होडीचं चित्र आणि एक ओळ. ‘त्या दिवशी तू कुठे होतीस, तेवढं लिही.’ खाली सहीसुद्धा नाही. पोस्टमनने ते वाचलं असणार, कारण देताना तो माझ्याकडे बघत होता. पुढच्या वेळी पाकिटात घाल.

मी घरी होते. सकाळपासून इस्त्री करत होते. तेव्हा नगरसभेत सगळ्यांसमोर हेच सांगितलं होतं, आजही तेच सांगते.

काल संत व्हँसाँचा, आपल्या मळेवाल्यांच्या संताचा, सण झाला. यंदा मूर्ती आमच्याकडे आली आहे. मी सणाच्या मंडळाला म्हटलं होतं, माझे गुडघे दुखतात, संताचं माझ्याच्याने होणार नाही, दुसऱ्या कुणाला द्या. बास्तियाँ ऐकेना. चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली आणि तो आनंदाने वेडा झाला. थंडीत सगळं गाव मिरवणुकीने आलं, निळे एप्रन, बँड, सगळं. मी चीजचे फुगे भाजले, पार्स्ली घातलेलं हॅम कापलं. संताला बैठकीतल्या कपाटावर बसवलं, आता वर्षभर तो तिथे राहणार. त्याच्या हातात छाटणीची कोयती आहे तशीच आहे. गुडघ्यांवरचा रंग मात्र उडालाय, हात ठेवून ठेवून.

त्या गुडघ्यावर पपांनी हात ठेवला होता, तुला आठवत असेल. त्यांच्यानंतर मी ठेवला.

जेवायला बसले आणि मेअरने विषय काढला.

“काय सोलांज, मोजणीदार येतोय म्हणे! तुझ्या त्या तिरसट भावाने तेव्हा बापाने दगड हलवला म्हणून गावभर बोंब मारली होती, आता एकदा दगडालाच विचारू!”

“विचारा की,” बास्तियाँ म्हणाला. “आजोबांनी संतावर हात ठेवून शपथ घेतली होती. आणखी काय पाहिजे?”

“ओनोरेलाही तेवढंच पुरलं होतं. शेजाऱ्याने शपथ घेतल्यावर दगड उकरणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, असं म्हणाला होता म्हातारा. हल्लीच्या पोरींना नाही हो तसं काही.”

मोद टेबलाच्या टोकाला बसली होती. ती हसली. “मला कुणावर थुंकायचं नाही, मेअरसाहेब. मला फक्त खड्डे कुठे मारायचे ते कळू दे.”

सगळे हसले. मीही हसले, आणि हॅमची बशी माझ्या हातातून निसटली. बास्तियाँ म्हणाला, ममाँ, तू दमलीस. मी दमलेली नाही, गिल्बेर, मला भीती वाटते. बैठकीतून जाताना मी कपाटाकडे बघायचं टाळते, आणि स्वतःच्या घरात भिंतीला धरून चालते. साठ वर्षांची बाई आणि लाकडाच्या मूर्तीला घाबरते, हसशील तू. हस, पण मोदला काही लिहू नकोस.

सोलांज

व्हेर्नी, १२ फेब्रुवारी

गिल्बेर,

छाटणी चालू आहे. बास्तियाँ आणि दोन गडी वरून खाली येताहेत, मी पाचरीच्या ओळी घेतल्या आहेत. पत्र्याच्या गाडीत काड्या जळतात, धूर सगळा डोळ्यांत. तेवढंच बरं, डोळे लाल का म्हणून कुणी विचारत नाही.

आज मोद धुरातून चालत आली. तिच्या हातात दोर होता, अंतर बघत होती. बोलायला लागली.

“मादाम, ही शेवटून तिसरी ओळ तुम्ही स्वतःच छाटता म्हणे. बास्तियाँ सांगत होता, गड्यांना हातसुद्धा लावू देत नाही.”

“गडी घाई करतात.”

“अख्खी ओळ नाही म्हणे. खालून पहिलीच वेल. ही.”

आणि तिने त्या वेलीवर हात ठेवला. ती वेल नेमकी कुठे उभी आहे हे गावात कुणालाही माहीत नाही, आणि ही पोरगी तिथे हात ठेवून उभी.

“इतरांसारखीच तर आहे,” ती म्हणाली.

“इतरांसारखीच आहे. हात काढ, डोळे फुटतील.” काडीचे डोळे, म्हणजे कोंब, म्हणायचं होतं मला, तिला काय वाटलं कोण जाणे. ती जरा मागे सरकली.

“आजोबांना शेवटी शेवटी दिसत नव्हतं,” ती म्हणाली. “मला धरून पावलं मोजत यायचे. पलीकडच्या टोकापासून दगडापर्यंत यायचे आणि म्हणायचे, दरवेळी कमी भरतंय, मोद, म्हातारपणी पावलं लांब कशी पडायला लागली?”

मी कात्री चालवत राहिले. ती निघून गेली. नंतर पाहिलं तर मी त्या वेलीवर एकही काडी ठेवली नव्हती, सगळी बोडकी केली होती. चाळीस वर्षांच्या छाटणीत असं कधी झालं नव्हतं.

इस्त्री करत नव्हते मी. आता लिहूनच टाकते, पाकीट बंद करायचं की नाही ते मागून बघू. पंच्याऐंशीच्या कडाक्यात दोन्हीकडच्या वेली मेल्या, सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत दोन्ही जमिनी उघड्या पडल्या होत्या, ओळ कुठली आणि कुणाची हे सांगायला दगडाशिवाय काही नव्हतं. पपा म्हणाले, आज धुकं आहे, चल. मी गेले. मी वर रस्त्यावर उभी होते, कुणी येतं का ते बघत. एवढंच. दगड त्यांनी हलवला. तुला जे दिसलं ते खरं होतं.

आणि आता तो मोजणीदार दगड उचलील आणि खाली नुसती माती निघेल. कौलाचे तुकडे मूळ जागीच राहिले असणार, त्या बोडक्या वेलीच्या मुळांखाली. इतकी वर्षं आमच्या बाटल्यांवर जे नाव लावलं ते खोटं ठरेल. अधिकारी येतील, नाव काढून घेतील, वर्तमानपत्रात येईल. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला आहे. आणि गाव मला विचारील, सोलांज, तू हात ठेवला होतास ना संतावर?

मी मोदच्या आधी तिथे खणावं का? तुकडे काढून दगडाखाली नेऊन ठेवावेत का? दिवसाढवळ्या कसं करणार? आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत माणसं आहेत. माझे हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत. असले विचार करत मी पत्र लिहितेय, म्हणजे बघ मी कुठवर आले आहे.

सोलांज

व्हेर्नी, २ मार्च

गिल्बेर,

बरोबरचं पत्र बारा तारखेचं आहे. तेव्हा टाकलं नाही, माझ्या अक्षरातला कबुलीजबाब तुझ्या हातात पडेल या भीतीने. त्यात अर्धं खरं आहे. उरलेलं यात आहे, म्हणून दोन्ही एकाच पाकिटात घालते.

गुरुवारी सकाळी मोजणीदार आला. पेरने नावाचा, उंच, हळू बोलणारा. अर्धं गाव जमलं होतं. बास्तियाँ हात खिशात घालून निवांत उभा होता. मी काड्यांच्या गाडीला धरून उभी राहिले. दोघांनी पहार लावून दगड उचलला. पेरने गुडघ्यांवर बसला आणि हाताने माती काढायला लागला. एक वीत झाली, काही नाही. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, आता.

“आहेत,” तो म्हणाला.

डोळे उघडले तर त्याच्या तळहातावर कौलाचे तीन तुकडे. त्याने पुसले, एकमेकांना लावले. काठाला काठ बसला.

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. त्या दिवशी दगड सुटल्यावर वरून कुणाची तरी शीळ ऐकू आली, तुझीच होती ती, आणि पपांनी मला रस्त्यावर पिटाळलं. मी नसताना त्यांनी तुकडेही उचलून नेले, होते तसे नव्या जागी ठेवले. मला कधी बोलले नाहीत. बत्तीस वर्षं मी ज्याला घाबरले ते तिथे नव्हतंच!

मेअरने टाळी वाजवली. “झालं! रोजे व्हेर्नोचं नाव आज धुतलं गेलं. त्या गिल्बेरने सख्ख्या बापाला गावासमोर चोर ठरवलं, ओनोरेच्या मनात किडा सोडला, आणि पळाला. खोटारडा तो खोटारडाच.”

“मी म्हणत नव्हतो?” बास्तियाँ म्हणाला. त्याने मला मिठी मारली. “घाबरली होतीस ना ममाँ? वेडी आहेस.”

मोदने दोर गुंडाळायला घेतला. पेरने कागद भरत होता.

मी वाचले होते, गिल्बेर. हे तुला नीट कळू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण वाचले होते. आता कुणी कधीही त्या दगडाला हात लावणार नव्हतं. पण त्या कागदावर सही झाली असती की तू कायमचा खोटारडा झाला असतास, तुकडे दाखवून, शिक्क्यासकट. तू जिवंत असताना आणि मेल्यावरही. आजवरच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी होती. माझ्या मुलाने तुझ्याबद्दल ‘मी म्हणत नव्हतो?’ म्हटलं, ते मला ऐकवलं नाही.

“दगड इथला नाही,” मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. मग मोठ्याने म्हटलं.

पेरनेने चष्म्यावरून पाहिलं. “मादाम, कौल जुळतंय.”

“कौल उचलून नेता येतं. जुने लोक कौलाखाली ओंजळभर कोळसा पसरायचे ना, कुजत नाही म्हणून? इथे आहे का?”

त्याने खड्ड्यात पाहिलं, बोटांनी माती चाळली. “नाही. पण सगळेच घालत असं नाही.”

“मग तिथे बघा. तिसऱ्या ओळीत, खालून पहिली वेल. तिच्याखाली.”

“ममाँ, तू काय बोलतेस?” बास्तियाँचा आवाज चिरका झाला. “सगळं मिटलं होतं! आत्ता, या मिनिटाला मिटलं होतं!”

“मिटलं नव्हतं.”

मी कुदळ घेतली. दोन घाव घातले, तिसरा वेलीलाही लागला नाही. बास्तियाँ तसाच बघत होता. मग त्याने येऊन माझ्या हातातून कुदळ हिसकावली. “दे इकडे. तुला धड खणताही येत नाही.” आणि रागारागाने खणायला लागला. गडी मदतीला आले, त्यांना त्याने हात लावू दिला नाही. बत्तीस वर्षांची वेल, तिची मुळं चुनखडीत पार खोल गेलेली. शेवटी ती आडवी झाली तेव्हा मुळांच्या जाळीत काळे खडे अडकलेले होते. खाली तांबड्या मातीत काळं वर्तुळ, ताटाएवढं. कोळसा वेचून नेणं पपांना जमलं नव्हतं.

मेअरने टोपी काढली आणि परत घातली. मोद त्या खड्ड्याशी बसून रडली, आजोबांची पावलं बरोबर होती म्हणाली. बास्तियाँने कुदळ टाकली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं, की गिल्बेर खरं बोलला होता आणि मी संतावर हात ठेवून खोटं बोलले. पेरनेला म्हटलं, हेही कागदावर घाला. तो म्हणाला, असा रकाना नसतो. मी म्हटलं, मग समासात लिहा. त्याने लिहिलं. खाली मेअरची सही आहे, त्याची नक्कल सोबत आहे.

काल मंडळाचे लोक येऊन संताला घेऊन गेले. वर्ष पुरं व्हायच्या आत मूर्ती घरातून हलवली, असं व्हेर्नीत कधी झालेलं नाही. कपाटावर धुळीत चौकोन उरलाय. पाचरीच्या ओळी मोदच्या झाल्या, नावाबद्दल बास्तियाँने स्वतःच अधिकाऱ्यांना कळवलं. पुढे काय होईल माहीत नाही. तीन दिवस तो माझ्या टेबलावर जेवलेला नाही. सूनबाई दाराशी सूप ठेवून जाते. मला अजूनही भीती वाटते, पण आता ती कपाटाची नाही. नातवाला माझ्या हातात देतील की नाही, याची आहे.

पाकिटात कोळशाचा एक खडा आहे, कागदात गुंडाळून. हात काळे होतील, जपून उघड.

तू एकच ओळ विचारली होतीस. मी म्हटलं, घरी होते. मग म्हटलं, रस्त्यावर होते. रस्त्यावर मी नंतर गेले. पपांची पाठ तेव्हाच गेली होती, दगड त्यांच्या एकट्याच्याने जागचा हलला नसता. बास्तियाँ पोटात होता, आणि मला त्या तीन ओळी हव्या होत्या.

पहार माझ्या हातात होती.

सोलांज